कुशावर्तात सोडलेला सूर

"सरू... गाशील?"

तेरा वर्षांनी आबांच्या मुखातून थेट आपले नाव आलेले ऐकताच सरूबाईने हातातली औषधाची वाटी खाली ठेवली. निफाडच्या सासरहून ती दर दिवाळीला मखमलाबादला माहेरी येई; पण वडील, कोंडाजीआबा, तिच्या धाकट्या भावाकडे, सहादूकडे पाहून म्हणत, "तिला सांग, जेवून घे म्हणावं." तिच्याशी शब्द नाही! आणि आज, अंथरुणाला खिळलेले, वैद्यांनीही हात टेकलेले तेच आबा याचकासारखे तिच्याकडे पाहत होते...

एकेकाळी याच आबांनी फुलांची पाटी सायकलला मागे बांधून आणि सरूला पुढच्या दांडीवर बसवून दर मंगळवारी पंचवटीत गाण्याच्या गुरुजींकडे नेले होते. "माळ्याच्या पोरीला गाणं कशाला?" असे भावकीने हिणवले, तेव्हा ते हसून म्हणत, "झेंडूला कुनी इचारतं का, कुनाच्या मळ्यातला?" मिरजेहून त्यांनी तिच्यासाठी तंबोरा आणला होता. गायिका व्हायचे, हे त्या पोरीचे एकच स्वप्न होते; आणि एकाहत्तर साली, ती सतरा वर्षांची असताना, आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेचे पत्रही आले. पण मुंबईला निघण्याच्या सकाळीच ती एवढेच बोलली, "मी गाणार नाय." कारण नाही, अश्रू नाही! तिला गर्व झाला, आपले कष्ट तिने पायदळी तुडवले, असे आबांच्या मनाने घेतले.

"आक्का, गा ना गं! एवढं एक..." सहादूने हात जोडले.

तिने नकारार्थी मान हलवली. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

"मरताना बी नाय? एवढा कसला राग धरला, पोरी?"

तो प्रश्न मात्र तिला सोसवेना. हा जीव असा दुखावलेलाच जावा?

"राग नाय हो, आबा!" तिने त्यांचे पाय धरले. "सहादू नऊ वर्षांचा व्हता. मुंबईला जायच्या आठ दिस आधी तापानं ह्यानं डोळे पांढरे केले, तवा आई न् मी त्र्यंबकला गेलो. तीर्थात आवडीची वस्तू सोडायची रीत. आईनं सीताफळ सोडलं... आन् मी... कुशावर्तात उभी राहून गाण्यावर पाणी सोडलं. जन्मभरासाठी! आज गायले आन् ह्याला काय झालं तर?"

सहादू तिच्याजवळ येऊन बसला. "आक्का... मला कधी सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर तू ओझ्यानं वाकून जगला असतास, बाळा. आईकडून बी शपथ घेतली व्हती; ती जाईस्तोवर तिनं पाळली."

ओसरीवर तोडून ठेवलेल्या झेंडूचा उग्र गंध घरभर दरवळत होता. मग आबांचा कृश हात तिच्या मस्तकावर आला.

"नको गाऊ. अजाबात नको गाऊ, माझे माय!... म्या तेरा वर्सं आंधळ्यावानी..." त्यांना धाप लागली. "पर तंबोऱ्यावर तर पाणी सोडलं नाय ना?"

सहादूने खुंटीवरचा तंबोरा उतरवला. तारा गंजून गेल्या असतील, या भयाने सरूबाईने जड हातांनी गवसणी काढली... आणि चारही तारा नव्या, लखलखीत!

"दर दसऱ्याला आबा बदलतात," सहादू म्हणाला. "सप्तसुरांना नाय, म्हणे, रुसू द्यायचं. कुनाला सांगू नको, म्हणायचे."

तिला काही दिसेनासे झाले. तरीही बोटांनी खुंट्या शोधल्या, पंचम जुळवला, षड्ज जुळवला. आबांनी हात तिच्या गुडघ्यावर ठेवला नि डोळे मिटले. गीत नव्हते, शब्द नव्हते. त्या मातीच्या खोलीत केवळ तो अखंड नाद भरून राहिला. तिच्या कंठात एक स्वर उसळून आला. ओठ मिटून तिने तो गिळला.

"थांबू नको..." आबा पुटपुटले.

उन्हे उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा गुडघ्यावरचा तो हात हलकेच निसटून अंथरुणावर पडला. सहादूने हंबरडा फोडला. सरूबाईने तो ऐकला, सारे जाणले... पण तिची बोटे तारांवरून फिरतच राहिली. आबांनी थांबू नको म्हटले होते.