दोनदा बोलावणं, एकदा पाठवणी

ही घटना खरी आहे. पटत नसेल त्याने पिनांगला जावं, जॉर्ज टाउनमधल्या हुआतच्या घराच्या जिन्यापाशी थोडा वेळ उभं राहावं... मग बोलावं.

चिनी पंचांगातला सातवा महिना, भुतांचा. पहिलाच दिवस. भर दुपार.

देवळाची वेबसाइट चिन हुआतने बनवली होती. आपल्या मेलेल्या माणसाचं नाव फॉर्ममध्ये भरायचं, बटण दाबायचं. देवळात त्या नावाचा कागद निघतो, दर कागदामागे एक खुर्ची, एक वाटी भात. पुजारी नाव घेऊन हाक मारतो. महिनाअखेरीस त्याच यादीवरून नवे कागद छापून जाळतात. ती पाठवणी.

एक कागद, एक पाहुणा. शेंबड्या पोरालाही कळेल.

हुआतला कळलं नाही. हुआत हुशार होता ना!

ऑफिसातल्या सुगंतीने त्याला आधीच बजावलं होतं. "एकदा दाबल्यावर नुसतं बटण बंद करून भागत नाही रे. पान रिफ्रेश केलं की तोच फॉर्म परत जातो. प्रत्येक फॉर्मला एक खूण दे. तीच खूण दुसऱ्यांदा आली की सर्व्हरने हाकलून द्यायची."

"म्हाताऱ्यांची बोटं शिवशिवतात, त्याला मी काय करू?" हुआत हसला. "आणि गेला दोनदा तर गेला. मेलेले काय तक्रार करणार आहेत?"

अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

फॉर्म दोनदा गेला तो त्याच्याच आईचा. नेट अडकलं, तिने पान रिफ्रेश केलं. देवळात पुजाऱ्याने तिच्या नवऱ्याला हाक मारली. पुढचा कागद उचलला...

पुन्हा त्यालाच हाक मारली.

"तुझ्या बाबांच्या दोन खुर्च्या मांडल्यात रे," फोनवर आई रडकुंडीला आली होती. "दोन्ही वाट्यांतला भात कमी झालाय."

"मांजराने खाल्ला असेल. माझं डोकं नको खाऊस."

संध्याकाळी घरच्या जिन्यावर चपला वाजल्या. मग खोकला. बाबांचाच, जुना, कफाचा.

त्यामागून... आणखी चपला.

त्यांना खोकला नव्हता.

हुआतची पाचावर धारण बसली. पण सुगंतीला विचारेल तर शपथ! त्याने गुपचूप यादीत दोनदा आलेली नावं शोधली आणि दोनांतलं एकेक पुसून टाकलं. झाली म्हणे यादी स्वच्छ.

सुगंतीला कळलं तेव्हा पाठवणी उरकली होती. तिने कपाळावर हात मारला. "गाढवा, बोलावलंस दोघांना आणि निरोप दिलास एकालाच?"

त्या दिवसापासून खोकला थांबला.

चपला थांबल्या नाहीत.

"तुझे बाबा गेले रे," आई म्हणाली. हुआत कामावर गेला की घरात ती एकटीच असते. "मग हा कोण राहिलाय माझ्यापाशी?"

हुआतने पुढच्या वर्षीच्या पाठवणीसाठी बाबांचं नाव भरलं. बटण दाबलं.

'हे नाव पाठवून झालं आहे.'

असं वाक्य त्याने कधी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्यांदा आलेलं हाकलायची अक्कल त्याच्या वेबसाइटला नव्हती. त्याने सगळा कोड धुंडाळला. सुगंतीनेही धुंडाळला. ते वाक्य कुठेच नाही.

तो अजून बटण दाबतोय. दोनदा, चारदा... म्हाताऱ्यांसारखा.

आई आता जिन्याकडे पाठ करून बसत नाही.