पट्टी भरली तेव्हा

द्वारकेच्या पुलाजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. जुन्या मोबाइलमधले फोटो, आवाज दुसरीकडे उतरवून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मी नुकतीच नोकरीला लागले होते, तेव्हा एका दुपारी इंदिरानगरच्या वत्सलाबाई तक्रार घेऊन आल्या.

त्यांचे यजमान सावळीराम दवाखान्यात पडून असताना नातीसाठी लहानपणीच्या गोष्टी मोबाइलवर बोलून ठेवायचे. ते गेल्यावर बाईंनी आमच्या सॉफ्टवेअरने ते सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं. स्क्रीनवरची हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरली, ‘पूर्ण’ अशी अक्षरं आली. मग त्यांनी मोबाइलमधलं सगळं पुसून तो भाचीला देऊन टाकला. पेन ड्राइव्हवरचा आवाज मात्र मध्येच तुटत होता. “मग माय मला म्हणाली...” एवढ्यावरच.

मालक मयूरसर त्यांच्याशी गोड बोलले. बाई पेन ड्राइव्ह ठेवून जिना उतरल्या, तसे मला म्हणाले, पट्टी अंदाजानेच पळते. लोक कंटाळू नयेत म्हणून ठेवलीय. किती उतरलं, ते ती मोजतच नाही.

माझं डोकं भणाणलं. मी नवी पट्टी लिहिली. पलीकडे खरोखर पोहोचलेलं परत वाचायचं आणि मूळ फाइलशी जुळलं, तरच पुढे सरकायचं.

बाईंचाच पेन ड्राइव्ह लावून बघत होते. लाइट गेलेली, पंखे बंद, लॅपटॉप बॅटरीवर. मोबाइलची केबल टेबलावर मोकळी पडली होती. आणि पट्टी सरकली.

चूक माझीच असणार म्हणून सगळं पुन्हा तपासलं. चूक नव्हती. पेन ड्राइव्हवरची फाइल खरंच वाढत होती. खोलीत स्पिरिटचा, फिनेलचा वास पसरत चालला. मयूरसरांना हाक मारली. त्यांनी केबलचं मोकळं टोक पाहिलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पट्टी भरल्यावर मी बाईंना बोलावून घेतलं. हेडफोन लावून त्या ऐकत राहिल्या. मायची गोष्ट पुरी झाली, असं डोळे पुसत म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला.

“काय झालं, मावशी?”

“विचारतायत... वत्सला, मोबाइल का पुसलास?”

मी हेडफोन कानाला लावले. फक्त संथ श्वास होता. कुणी उत्तराची वाट बघत असावं, तसा.

पेन ड्राइव्ह इथेच राहू द्या, मी म्हटलं, तर त्यांनी तो मुठीत घट्ट धरला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी मयूरसरांनी माझी पट्टी काढून जुनी परत बसवली. गिऱ्हाइकाला हळू चालत नाही म्हणे.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

“निकिता, त्यांना सांगितलं मी. पट्टी भरली होती, म्हणून पुसलं...”

“मग?”

“मग विचारायला लागले, पट्टी कुणी केली...”

माझी नजर टेबलावरच्या मोकळ्या केबलकडे गेली.

“मला तुझंच नाव ठाऊक होतं गं.”