तेल वाढतंय

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या त्या गाडीची किल्ली मुठीत आवळूनच. पाण्याचा पेला बाजूला सारला आणि म्हणाल्या, "आमचे ड्रायव्हरकाका चोर आहेत की नाहीत, एवढंच सांगा. एकोणीस वर्षं आहेत माझ्याकडे. असतील, तर आज संध्याकाळी त्यांना कायमचं घरी पाठवते."

वहिनी चष्मा पुसत ऐकत होत्या. घड्याळजीच्या दुकानावरच्या या खोलीत त्या खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर मदतीला असत. त्यांना सगळेच भाऊजी म्हणत. मदत म्हणजे चहा करणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दोन्ही ते अगदी जीव ओतून करत.

बाईंची गाडी डिझेलची, चौदा वर्षांची, पण गुणाची. लिटरला सोळा किलोमीटर धावणारी ती गाडी तीन महिन्यांत अकरावर घसरली होती. इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, मिस्त्री तो घालवायचा, आठवड्याच्या आत स्वारी पुन्हा हजर. आणि काल गाडीच्या पुढच्या कप्प्यात काकांच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली : 'सोमवारी तेल एक बोट वाढलं. शनिवारी दोन बोटं. बाईंना सांगावं का?'

"कॅनमध्ये साठवतायत," भाऊजींनी निकाल दिला. "बोटांनी मोजून."

"मलाही तेच वाटलं," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. काल त्यांनी काकांना एका शब्दानं न विचारता फक्त किल्ली मागून घेतली होती.

तिघं गॅरेजवर गेले. मिस्त्री हात पुसत पुढे आला. मशीन लावलं की फिल्टरची तक्रार दिसते, ती पुसली की दिवा जातो, असं त्याचं म्हणणं. काका काही बोलले होते का, असं वहिनींनी विचारलं.

"दोनदा बोलले. तेल वाढतंय म्हणाले. मी म्हटलं, सगळीकडेच वाढलंय, काय करणार? पंपावर जायची भीती वाटते."

वहिनींनी इंजिनातली ऑइलची पट्टी ओढून चिंधीला पुसली आणि चिंधी भाऊजींच्या नाकाशी धरली. पंपावर उभं राहिल्यासारखं वाटतंय, असं भाऊजी म्हणाले. त्यांना वाटलं, गॅरेजच ते, वास यायचाच.

काकांना घरून बोलावून घेतलं. ते आले, पण बाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. वहिनींनी त्यांच्याच हातून शहरात एक फेरी मारून घेतली. पूर्वी आठवड्यातून दोनदा हमरस्त्यानं लांबच्या गोठ्यांवर जाणं व्हायचं, ते तीन महिन्यांपासून थांबलं. आता गल्लोगल्लीची कुत्री-मांजरं, असं विचारल्यावर काकांनी सांगितलं. समोर काचेखाली बाईंच्या अक्षरात नवीकोरी कागदी पट्टी चिकटवलेली होती : 'थांबलं की इंजिन बंद.' काका ती तंतोतंत पाळत होते. भाजीवाल्याची हातगाडी आडवी आली तरी बंद. आणि बंद केल्यावरही पुढचा पंखा घरघरतच राहायचा, वर काहीतरी करपल्यासारखा वास.

गॅरेजवर परतल्यावर भाऊजी निरूपण ऐकायला बसावं तसे उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले.

"एकाच शब्दाचे तिघांच्या मनात तीन अर्थ," वहिनी म्हणाल्या. "तेल. मिस्त्रींनी डिझेलचा भाव ऐकला. बाई, तुम्ही चोरलेलं डिझेल वाचलंत. काका बिचारे इंजिनातल्या ऑइलबद्दल सांगत होते. चांगल्या गाडीत ते कधी वाढत नाही, झालंच तर कमी होतं. इथे पट्टीवर दोन बोटं वर आलंय. वरून ओतलं नाही, तर आलं कुठून?"

भाऊजींनी नाक चोळलं. "चिंधीला डिझेलचा वास होता."

"आज तुम्ही बरोबर आहात भाऊजी. धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये अडकते. तो भरला की गाडी जादा डिझेल टाकून काजळी जाळते. त्याला वीसेक मिनिटं सलग धाव लागते. हमरस्त्यावर ती मिळायची. आता जाळायला सुरुवात झाली की इंजिन बंद. पंखा तेच सांगत घरघरतो. जळायचं राहिलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. डिझेल गाडीबाहेर गेलेलंच नाही. आणि मिस्त्री, तुम्ही ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर पुसत बसलात."

"म्हणजे चोर कोण?" भाऊजींनी विचारलं.

"काटकसर. चिकटवलेली आहे गाडीत, समोरच. काकांचा अपराध एवढाच, की त्यांनी ऐकलं."

बाई काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चिठ्ठी सापडली तेव्हा तुम्हालाच विचारायला हवं होतं मी. चुकले."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," काका म्हणाले. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला नाही.

मिस्त्रीनं ऑइल बदललं. आता तासभर न थांबता पळवा, म्हणाला. बाईंनी किल्ली काकांच्या हातात ठेवली आणि विचारलं, "कुठे जायचं?"

काकांनी ती तळहातावर जरा तोलली. "माझी बहीण हमरस्त्याला राहते. बरोबर एक तास लागतो. दोन वर्षं झाली, जाणं झालं नाही."

बाई मागचं दार उघडता उघडता थांबल्या, वळसा घालून आल्या आणि काकांच्या शेजारी बसल्या.

"कळवा तिला," त्या म्हणाल्या. "म्हणावं, दोघं येतोय."