दोघांची एकच खूण

ओडेट थेरियो धापा टाकत गच्चीवर पोहोचली, तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं होतं — खाली आपल्या प्रयोगात हा घोळ ज्याने घातलाय त्याला चांगलंच फैलावर घ्यायचं. लोकरीची टोपी घातलेला एक उंच तरुण अँटेनापाशी ओणवा होऊन गार कॉफी पीत होता.

"हे यंत्र तुमचं? खूण कुठली लावलीत?"

"पहिली," तो गडबडून म्हणाला. "नमुन्याच्या फाइलमध्ये होती तीच... का?"

ओडेटचा राग निम्मा तिथेच विरला. तिनेही आपल्या एका फोनला तीच लावली होती! प्रत्येक फोन किंवा असं यंत्र आधी आपली खूण पाठवतं. ती कशी पोहोचली यावरून अँटेना हवेतली वाट ओळखतात आणि त्याच वाटेने उत्तर धाडतात. दोघांची खूण एकच असली, की अँटेना बिचाऱ्या दोघांना एकच समजतात. उत्तर धड याला नाही, धड त्याला नाही. आठवडाभर तिच्या अँटेनांचा त्या फोनसाठीचा निम्मा जोर या गच्चीकडे वाहून जात होता.

खूण बदलायची तर सगळी मांडणी तपासण्यात अख्खा दिवस जाणार. म्हणून ठरलं, सकाळ तिची, दुपार त्याची. त्याचं नाव टोबिन. मेपलची पानं संदेश किती अडवतात हे तो मोजत होता. वाऱ्याने पानं झडली की ऑटवात पुन्हा वर्षभर थांबणं आलं. ओडेटचं तर त्याहून अवघड. गुरुवारी सकाळी निधी देणाऱ्या समितीपुढे प्रयोग फसला, तर प्रकल्प बंद आणि तिची रवानगी परत माँक्टनला, आईकडे.

टोबिन रोज दुपारी सूपचे दोन पेले घेऊन खाली तिच्या प्रयोगशाळेत यायचा.

"बारा वाजले. बंद कर."

"तू आलास की माझे बारा वाजतातच."

तो हसायचा, आणि ओडेट उगाच पेल्यात बघत बसायची. गुरुवारची धास्ती होतीच. आता हा माणूस सुटेल याचीही भीती वाटायला लागली होती.

बुधवारी सकाळी फलकावर सूचना लागली. समितीचं विमान उशिरा येणार, प्रयोग दुपारी दोनला. म्हणजे ऐन टोबिनच्या वेळात! त्यात वाराही सुटला होता. त्याला सांगितलं असतं तर त्याने यंत्र बंदच केलं असतं, म्हणून ती गप्प राहिली. दिवसभर राबून तिने त्या फोनला फाइलमधली दुसरी, मोकळी असलेली खूण लावली.

गुरुवारी दोन वाजता टेबलावरच्या सहा फोनांपैकी पाच झकास चालले. नव्या खुणेच्या सहाव्यावरचं चित्र मात्र गोठलं. समितीच्या बाईंनी चष्मा काढला. एकाएकी ओडेटच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सूचना टोबिननेही वाचली असणार, आणि खूणही बदलली असणार. "एकच मिनिट," म्हणत ती धावत सुटली.

जिन्यात टोबिन समोरून धडधडत उतरत होता.

"तू दुसरी लावलीस?"

"तुझी दुपार वाया जाऊ नये म्हणून," तो म्हणाला. "आणि तू?"

"तुझी पानं..."

"मी पहिलीवर परत जातो, ती मांडणी तयारच आहे," तो म्हणाला, आणि मग एका दमात, "ओडेट, तू माँक्टनला गेलेली मला चालणार नाही."

उत्तराची वाट न बघता तो वर पळाला.

ती परतली तेव्हा सहावं चित्र हललं. बाईंनी काय झालं विचारलं. ओडेटने लाजत खरं ते सांगितलं, की वर एकजण आहे, आणि आम्ही एकमेकांना न विचारता एकमेकांची सोय बघत बसलो. बाई हसू दाबत म्हणाल्या, असा घोळ खरोखरच्या शहरात रोज होणार; आणखी दोन वर्षं घे आणि त्यावरच काम कर.

ओडेट गच्चीवर गेली. खाली झाडं निम्मी उघडी झाली होती, आणि टोबिन पडद्यावरून नजर न हटवता उभा होता.

"दोन वर्षं मिळाली," ती म्हणाली. "आता परस्पर काही ठरवायचं नाही. विचारायचं."

टोबिन वळला. "मग विचारतो. ती दोन वर्षं... माझ्याबरोबर?"

"हो," ती म्हणाली.