क्रेटमधलं पीस

पंगत उठली होती, नीरजा ओटा पुसत होती, आणि मागच्या दारात कुणीतरी खाकरलं.

बघते तर एक उंच, उन्हानं रापलेला तरुण. हातात प्लास्टिकचा क्रेट, कपाळावर देवीचं कुंकू, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी चांगलं झापलंय.

"जेवण संपलं का हो?" त्यानं विचारलं.

"संपत आलंय. क्रेटमध्ये काय आहे?"

आता बोला! त्याला भूक लागलेली आणि हिला क्रेटची चौकशी. पण नीरजा होतीच तशी. दूधवाल्यानं माप ओतलं की आधी दुधाचा वास घ्यायची आणि मग दूधवाल्याच्या तोंडाकडं बघायची. तुळजापुरातली ही घरगुती खानावळ तिच्या आईनं, शामलाबाईंनी, एकटीनं उभी केलेली. दारावरच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' ही अक्षरं खानावळीच्या नावापेक्षा मोठी. आईचे गुडघे धरल्यापासून स्वयंपाक नीरजाच्या हातात आला होता, आणि त्या अक्षरांची राखणही.

त्यानं ओलं फडकं बाजूला केलं. आत तळहाताएवढ्या तपकिरी छत्र्या, आणि शेजारी लालभडक, पिवळ्याधमक ढोबळी मिरच्या.

"पोर्टोबेलो म्हणत्यात ह्याला," तो म्हणाला. "अळंबीच, पण जरा... अंगानं भरलेली. माकणीला धरणाजवळ पिकवतो मी. पहिलं पीक देवीला दाखवावं म्हणून आणलं, तर पुजारीकाका म्हणाले, कुत्र्याच्या छत्र्या घेऊन देवळात आलास का रे?"

नीरजाला हसू आलं. तिनं ते ओठातच दाबलं.

"नाव काय तुमचं?"

"गोरोबा."

"खरं नाव विचारलं मी."

"खरंच गोरोबा हाय. आजोबांचं ठेवलंय. आधार कार्ड दाखवू का?"

"दाखवा."

आणि त्यानं खरंच दाखवलं की! मग मात्र नीरजाला हसू आवरेना. तिनं त्याला पिठलं-भाकरी वाढली, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. तो असा जेवला की ओट्याशी उभ्या असलेल्या प्रेमाबाई, ज्या तिथं भाकऱ्या थापायच्या, त्यासुद्धा कौतुकानं बघत राहिल्या. जाताना त्यानं क्रेट तिथंच ठेवला.

"करून बघा. फक्त पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा."

"न धुता शिजवू? माझ्या स्वयंपाकघरात? का बरं?"

"पाणी पितात हो त्या. मग भाजत न्हाईत, नुसती उकडतात."

"की धुतल्यावर काही निघून येईल म्हणून?"

तो दारात थांबला. डोळे बारीक करून तिच्याकडं बघत राहिला... जरा जास्तच वेळ. "तुम्ही पोलिसात पाहिजे होता," म्हणाला, आणि गेला.

नीरजानं छत्र्या फडक्यानं पुसल्या, पण एक मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवली, परीक्षा म्हणून. ती खरंच पाणी पिऊन लिबलिबीत झाली. बाकीच्यांचे देठ काढून तिनं त्यात बारीक चिरलेली ढोबळी मिरची, शेंगदाण्याचा कूट आणि घरचा येसर मसाला भरला, आणि तव्यावर झाकण न ठेवता खरपूस भाजल्या. मिरची गोडसर, अळंबी दाट, रसरशीत. शामलाबाईंनी एक घास खाल्ला आणि दुसरा स्वतःच्या हातानं घेतला. एवढं चांगलं कसं लागतंय, ह्याचाच नीरजाला संशय आला.

त्यानंतर दर बुधवारी गोरोबाचा छोटा टेम्पो मागच्या गल्लीत लागायला लागला. सोलापूरच्या हॉटेलांना माल द्यायला निघालोय, जाता जाता थांबलो, एवढंच म्हणायचा. मग ओट्याशी टेकून उभा. नीरजा मिरच्या विस्तवावर भाजायची, साल काळी पडली की सोलायची, आणि तो विचारायचा, "आज मीठ आधी का नंतर?"

"नंतर. आधी घातलं की पाणी सुटतं. तुम्हीच सांगितलं होतं."

"म्हणजे माझं ऐकता तुम्ही."

"पडताळून बघते. ऐकत नाही."

"लई फरक हाय का त्यात?"

ती मिरचीची साल सोलत राहायची. पण बुधवारी सकाळी वेणी पुन्हा घालायची... आणि आईनं ते बघितलं की उगीच डब्यांची झाकणं आपटायची.

एके दिवशी प्रेमाबाईंनी भाकरी थापता थापता सहज म्हटलं, "माकणी माझं माहेर. तिथनं सोलापूरला जायला तुळजापूर कशाला लागतंय बाई? लोहारा, जळकोट, नळदुर्ग. सरळ रस्ता."

झालं! नीरजाच्या मनात पाल चुकचुकली. माणूस वाकडी वाट करून येतो, चढ्या भावाचा माल खानावळीत स्वस्तात देतो. कशासाठी? कुणी पाठवलंय ह्याला?

आणि पुढच्याच बुधवारी ते घडलं. तिनं अळंबीचा काळ्या मसाल्यातला झणझणीत रस्सा केला होता, ढोबळी मिरचीच्या मोठाल्या फोडी टाकून. पंगतीत हिंमतराव होते. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, बायको गेल्यापासून रोज इथंच जेवणारे, माळकरी माणूस. त्यांनी एक फोड तोंडात घातली, चावली, आणि थांबले.

"शामलाबाई," ते हळूच म्हणाले, "हे मटण हाय."

सगळ्या पंगतीचे हात जागच्या जागी थांबले.

"अहो, अळंबी आहे ती!" नीरजा पुढं झाली.

"माळ घालायच्या आधी म्या लई खाल्लंय, पोरी. मला नको शिकवू." हिंमतरावांनी ताटाला हात जोडले आणि ते उठले. त्यांच्यामागं आणखी दोघं उठले.

भरल्या ताटावरून माणूस उठला. ह्याहून मोठा अपमान त्या घराला ठाऊक नव्हता. शामलाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. "उद्या गावभर होईल," एवढंच म्हणाल्या. नीरजानं तरातरा जाऊन क्रेट उलटा केला, उरलीसुरली अळंबी फेकायला. तळाला, फडक्याच्या खाली, एक पांढरं पीस चिकटलं होतं. कोंबडीचं!

राग आला म्हणावं तर रडूही येत होतं, आणि रडू का येतंय ह्याचा आणखी राग येत होता.

दुसऱ्या दिवशी खानावळीत निम्मी पानंसुद्धा मांडली गेली नाहीत. नीरजानं पीस रुमालात बांधलं, प्रेमाबाईंना बरोबर घेतलं आणि एसटीनं माकणी गाठली.

शेडनेटमध्ये लाल-पिवळ्या मिरच्या लगडल्या होत्या, पण तिचं लक्ष पलीकडं. बिनखिडक्यांची एक खोली, दाराला कुलूप. आणि शेजारच्या पत्र्याखाली पोत्यांची थप्पी, तिच्यातून येणारा तो उग्र वास. कोंबड्यांचाच!

गोरोबा धावतच आला. तिला बघून चेहरा उजळला... आणि रुमालातलं पीस बघून उतरला.

"कोंबड्या पाळता?"

"न्हाय."

"मग हे?"

"खत हाय. गव्हाच्या काडात कोंबडखत मिसळतो, कुजवतो, मग वाफेवर उकडून घेतो. त्यावर अळंबी येते. क्रेट चुकून ह्या शेडमध्ये राहिला. ती चूक माझी, शंभर टक्के माझी."

"कुलूप उघडा."

त्यानं चप्पल काढायला लावली, पाय धुवायला लावले, मग दार उघडलं. आत गार काळोख. बॅटरीच्या उजेडात मांडण्यांवर काळसर माती, आणि तिच्यातून वर आलेल्या तपकिरी टोप्या, शांत, ओलसर. पावसानंतरच्या रानासारखा वास. त्याचा हात बॅटरी धरून तिच्या हाताजवळ होता. क्षणभर नीरजा कशाला आली तेच विसरली.

"हे सगळं मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमच्या ओट्यापाशी उभं राहून कोंबडी हा शब्द उच्चारायची छाती झाली न्हाय. तुम्ही पुन्हा दारात उभं केलं नसतं."

"आणि तुळजापूर तुमच्या वाटेवर नाही."

"न्हाय."

"मग?"

तो बॅटरीकडं बघत राहिला. "लांबचा रस्ता... बरा वाटतो."

नीरजाचे कान तापले. काळोख होता ते बरं. पण ती बाहेर आली तेव्हा आवाज कोरडाच होता. "शेतात शेणखत पडतं, मेंढ्या बसवतात, मला कळतं ते. पण तुम्ही लपवलंत. पाटीवरचे दोन शब्द आहेत आमच्याकडं, गोरोबा. दुसरं काही नाही. तुमच्यावर विश्वास टाकला, आणि काल माणसं मटण म्हणून भरल्या ताटावरून उठली, आई भिंत धरून बसली." ती वळली आणि चालायला लागली. प्रेमाबाई मागं बघत बघत निघाल्या.

शुक्रवारी दुपारी शामलाबाईंनी हिंमतरावांना निरोप धाडून बोलावलं होतं. ते आले, पण जेवायला नको म्हणून ओसरीवर टेकले. पंगतीला चारच माणसं. एवढ्यात पुढच्या दारातून गोरोबा आत आला. ह्या वेळी मागच्या दारानं नाही. एका हातात अळंबीचा क्रेट, दुसऱ्या हातात खताचं बोचकं. नीरजाच्या हातातली पळी तशीच राहिली.

"मी गोरोबा, माकणीचा," तो उभ्या उभ्या म्हणाला. "त्या दिवशीचं मटण नव्हतं. ही अळंबी होती, मी पिकवलेली. आणि हे तिचं खत. ह्यात कोंबडखत हाय. नीरजांना हे ठाऊक नव्हतं, मी सांगितलं न्हाय. दोष माझा. ज्याला चालंल त्यानं खावं, ज्याला चालणार न्हाय त्यानं सोडावं. पण ह्या घराला नाव ठेवू नका."

हिंमतराव उठले, क्रेटपाशी आले, एक छत्री उचलून बोटांनी मोडली, हुंगली. मग बोचकं हुंगलं आणि नाक मुरडलं.

"अन् हे बोचकं कशाला आणलंस रे जेवणाच्या टायमाला?"

"ह्यांना पुरावा लागतो," गोरोबानं नीरजाकडं बोट केलं.

हिंमतराव पंगतीत जाऊन बसले. "शामलाबाई, मला पान मांडा. अळंबी म्या खाणार न्हाय, माझी माळ हाय. पण मटण म्हणालो ते चुकलं. चारचौघात म्हणालो, आता चारचौघात सांगंन."

शामलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. हिंमतरावांनी भाकरी मोडली आणि गोरोबाकडं रोखून बघितलं. "आणखी काय लपवलंयस? एकदाच सांगून टाक."

"एक राहिलंय... पण ते असं सगळ्यांसमोर कसं..."

"सगळ्यांसमोरच सांगा," नीरजा म्हणाली. "झाकून ठेवलेलं मला चालत नाही."

गोरोबानं क्रेट खाली ठेवला. "मला तुम्ही आवडता, नीरजा. तुमच्या संशयासकट आवडता. तुम्ही विचारत बसा, मी जन्मभर पुरावे देत बसंन."

पंगतीत कुणाचातरी पेला कलंडला. शामलाबाईंनी लेकीकडं बघितलं. लेक लाल झाली होती, अगदी कानापर्यंत. तिनं पळी पातेल्यात ठेवली, हात पदराला पुसले.

"रविवारी तुमच्या आईला घेऊन या."

"आईला? व्हय... व्हय! पण कशाला?"

"विचारायचंय त्यांना. हा लहानपणापासून असाच लपवालपवी करतो, का मला बघूनच सुरू केलं?"

"अन् तुम्हाला बघूनच, असं म्हणाली तर?"

"मग बघू," म्हणत नीरजा आत वळली. पण वळताना हसली, आणि ते सगळ्या पंगतीनं बघितलं.