बारमाळची गोतसभा

पूर्वेच्या डोंगरधारेवर तांबडे फुटले, तेव्हा मोरवेढ्याचा किल्ला धुक्यातून हळूहळू वर येत होता. आधी बालेकिल्ल्याचा माथा, मग दरवाजाचे दोन बुरूज, मग तटाची काळी ओलसर ओळ. उजव्या बुरुजावर दोन निशाणे होती. एक बारमाळच्या देसायांचे, पिवळे, उन्हापावसाने विटलेले. दुसरे अंबरकोट दरबारचे, लाल, कोरे करकरीत, आणि पहिल्यापेक्षा चांगले हातभर उंच.

खालच्या पायवाटेने चढणाऱ्या सटवोजी पाटलाने वर पाहिले आणि लगेच मान खाली घातली. पहाटे घरून निघताना बायकोने, भिवाईने, भाकरी पुढे केली, ती त्याने तशीच टोपलीत ठेवली. "जाऊन या," एवढेच ती म्हणाली होती. अंबरकोटवाल्यांनी पागेत नेऊन ठेवलेल्या लेकाचे नाव दोघांनीही घेतले नव्हते.

सटवोजी हा कोंढेखोलचा पाटील. बारमाळच्या बारा गावांत कोंढेखोल सर्वांत लहान, आणि बारा पाटलांत सटवोजी सर्वांत भित्रा, ही गोष्ट घाटमाथ्यावर कोणापासून लपलेली नव्हती. गावात बैल उधळला तर आधी पाटील झाडावर चढतो, असे बायका विहिरीवर हसून सांगत, आणि सटवोजीही ते ऐकून कसानुसा हसे.

पाच वर्षांमागे मात्र हाच माणूस भाला घेऊन उभा राहिला होता. सोनावळच्या राजाने दुष्काळातही सारा सोडला नाही, थोरल्या देसायांना वाटाघाटीला बोलावून तळघरात मारले, तेव्हा सारे बारमाळ उठले आणि सोनावळपासून तुटले. सटवोजी त्या लढाईत शेवटच्या रांगेत होता, पण होता. त्यानंतर अंबरकोटहून धान्याचे तांडे आले. बलाढ्य दरबार, दिलदार दरबार! लोकांनी बैलांच्या शिंगांना फुले बांधली. धान्यामागून तोफा आल्या, तोफांमागून गोलंदाज, गोलंदाजांमागून जकातीचे नाके. मग घरोघर पितळी बिल्ले वाटले गेले, 'अंबरकोटची रयत' असे कोरलेले. बिल्ला दाखवला की मीठ स्वस्त मिळे, म्हणून सगळ्यांनी घेतले. आणि गेल्या दसऱ्यापासून दरबार म्हणू लागला की, बारमाळात आमची रयत राहते, तिचे रक्षण आमच्याशिवाय कोण करणार?

कोवळे देसाई हैबतराव आता स्वतःच्याच किल्ल्यावर अंबरकोटच्या चौकीपहाऱ्यात राहत होते. पहारेकरी त्यांना मुजरे करीत, पण दरवाजाबाहेर एकटे जाऊ देत नसत.

माचीवरच्या डेऱ्यात अंबरकोटचे वकील विसाजीपंत सटवोजीची वाटच पाहत होते. गोरेपान, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्वतः उठून पाटलाला बैठकीवर बसवले, दुधाचा पेला पुढे केला.

"या पाटील, या. चढण फार. दम लागला असेल."

"न्हाई जी," सटवोजी म्हणाला. त्याने पेला ओठांना न लावताच खाली ठेवला.

"आज गोतसभा आहे, ठाऊकच आहे तुम्हांस. निंबगिरी आणि हरणखोरे, दोन्ही दरबारांचे कारकून साक्षीला आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, बारा पाटलांनी देवीचा भंडार हाती घेऊन स्वखुशीने शपथ वाहिली, तर बारमाळ अंबरकोटात सामील झाले असे आम्ही मानू, आणि सोनावळच्या बाजूने शस्त्र उचलणार नाही. साधी गोष्ट. चार शब्द. ते आधी तुम्ही बोलावेत, अशी आमची इच्छा आहे."

"मी? मी तर सगळ्यांत धाकटा, पंत. मान धाकोजी पाटलांचा."

"मान आम्ही ज्याला देऊ त्याचा." पंत हसले. "आणि हो, तुमचा जानोजी. आमच्या पागेत चांगला रमला आहे हो! घोड्यावर मांड पक्की बसली आहे. सरनौबत परवाच म्हणाले, पोराला खाली अंबरकोटी ठेवून घेऊ. बापाची निष्ठा पाहून काय ते ठरवू म्हणाले."

सटवोजीच्या कानांत जात्यासारखी घरघर सुरू झाली. पंत पुढे काय बोलले, ते त्याला ऐकूच आले नाही. विसाजीपंतांचा हिशेब सरळ होता: भित्रा माणूस पहिला होकार देतो, आणि बांधाला एकदा भगदाड पडले की पाणी आपल्या पायांनी वाहते.

काळकाईच्या देवळापुढील पटांगणात गोतसभा बसली. उन्हे वर आली होती. बारा पाटील अर्धवर्तुळात. मधोमध चौरंगावर तांब्याच्या ताटात भंडार आणि बेलाची पाने. एका अंगाला साक्षीचे दोन कारकून. समोर उंच बैठकीवर विसाजीपंत आणि त्यांच्या शेजारी लाल शेला पांघरलेले हैबतराव देसाई. देसायांचा चेहरा तापातून उठलेल्या माणसासारखा होता. सभेच्या पाठीमागे, देवळाच्या पोवळीच्या भिंतीला लागून, अंबरकोटचे बंदूकवाले ओळीने उभे होते. त्यांच्या बंदुकांच्या तोड्यांच्या जळक्या वातींचा वास सभेवर रेंगाळत होता.

सटवोजी आपल्या व्याह्याच्या, धाकोजी पाटलाच्या शेजारी टेकला.

"सगळ्यांनी हो म्हणायचं ठरलंय," धाकोजी ओठ न हलवता पुटपुटला. "उगा काही बोलू नकोस."

"मी कधी बोलतो?" सटवोजी म्हणाला.

गुरवाने घंटा वाजवली. पंतांच्या कारकुनाने शपथेचा मजकूर खड्या आवाजात वाचला: "आम्ही बारमाळचे समस्त गोत, देवीचा बेलभंडार हाती घेऊन सत्य बोलतो की, हा मुलूख अंबरकोट दरबारच्या छत्राखाली यावे ही आमची इच्छा असे. हे आम्ही आपले स्वखुशीने, राजी रजावंतीने, कोणाचेही भय अगर धाक नसता बोलतो. खोटे बोलू तर देवी आमचे निसंतान करो."

"सटवोजी पाटील, कोंढेखोलकर," पंतांनी गोड आवाजात पुकारले. "पुढे यावे."

सटवोजी उठला. चौरंगापाशी तो गुडघे टेकून बसला, गुरवाने त्याच्या ओंजळीत भंडार घातला, वर बेलाचे पान ठेवले. हात इतके कापत होते की पिवळी धूळ बोटांच्या फटींतून धोतरावर सांडू लागली.

"बोला पाटील. कारकून सांगतील तसे म्हणा."

त्याने म्हणायला सुरुवात केली. समस्त गोत. देवीचा बेलभंडार. सत्य बोलतो. शब्द कोणी दुसराच बोलत असल्यासारखे बाहेर पडत होते. जानोजीचा चेहरा डोळ्यांपुढे होता, लहानपणी गोवराने आजारी असतानाचा, तांबडालाल. 'कोणाचेही भय अगर धाक नसता' या शब्दांशी तो आला आणि थांबला.

"भय अगर धाक नसता," कारकुनाने पुन्हा सांगितले.

सटवोजीने भंडाराकडे पाहिले.

"हे... हे म्हणवत न्हाई जी."

"काय म्हणवत नाही?"

"मला भ्या वाटतंय, पंत." त्याने ओंजळ पुढे केली. "पहाटेपासनं वाटतंय. हात बघा माझे. देवीचा भंडार हातात घेऊन, भ्या न्हाई असं खोटं कसं बोलू? माझा एकच लेक आहे. निसंतान करो म्हणतोय हा कागद."

हरणखोऱ्याच्या कारकुनाने मान वर केली. विसाजीपंत मात्र मुरलेले मुत्सद्दी. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. ते साक्षीदारांकडे वळून खेदाने म्हणाले, "ऐकावे! गरीब रयत अद्याप सोनावळच्या राजाच्या भयाने कापते आहे. म्हणूनच तर अंबरकोटचे छत्र हवे. पाटील, सांगा यांना. सोनावळचेच भय ना?"

किती सोपी वाट करून दिली होती पंतांनी! नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती, तर जानोजी उद्या घरी आला असता, आणि शब्दही फारसा खोटा ठरला नसता. सोनावळला कोण भीत नव्हते? सटवोजीची मान हलायला निघालीही होती. तेवढ्यात पाठीमागे एका बंदूकवाल्याने पाय बदलला, बंदुकीचा दस्ता फरशीवर खट्कन आपटला, आणि उरलेल्या अकरा पाटलांच्या अकरा माना एकदम आत ओढल्या गेल्या. दचकून वळलेल्या सटवोजीने ते पाहिले. आयुष्यभर स्वतःच्याच भीतीची लाज वाटलेल्या त्या माणसाने प्रथमच इतरांची भीती उघड्या डोळ्यांनी पाहिली.

"न्हाई जी," तो म्हणाला. "सोनावळचं भ्या होतं तेव्हा आम्ही भाले उचलले होते. मीपण उचलला होता. हे भ्या तुमचं आहे. तुमच्या ह्या बंदुकांचं आहे, आणि तुमच्या त्या दुधाच्या पेल्याचं आहे. ह्या भ्यानं माणूस भाला उचलत न्हाई, नुसता हो म्हणतो."

आणि त्याने ओंजळीतला भंडार परत ताटात ओतला.

बंदूकवाल्यांचा नाईक दोन पावले पुढे झाला. निंबगिरीचा वृद्ध कारकून त्याच वेळी लेखणी कलमदानात ठेवून उभा राहिला. "विसाजीपंत," तो शांतपणे म्हणाला, "आमच्या समक्ष या माणसाला हात लागला, तर आमच्या दरबारात आम्हांला वेगळेच काही सांगावे लागेल. पुढचा पाटील बोलवावा."

पुढचा धाकोजी. तो चौरंगापाशी गेला आणि भंडाराला हात न लावताच म्हणाला, "मलाही भ्या वाटतंय. व्याह्याहून अंमळ जास्तच."

सगळेच काही असे बोलले नाहीत. चौघांनी शपथ वाहिली. त्यांत एकजण ती घेताना ढसढसा रडला. उरलेले भंडाराला शिवले नाहीत.

"देसाई," विसाजीपंतांचा आवाज प्रथमच कोरडा झाला, "आपल्या माणसांना समजवा."

हैबतराव उठले. "काय समजावू, पंत?" ते म्हणाले. "ते खरे बोलत आहेत."

साक्षीच्या कारकुनांनी त्या सभेचा कागद केला नाही. निंबगिरी आणि हरणखोरे या दोन्ही दरबारांनी अंबरकोटला कळवले की, असे सामील होणे आम्हांस मान्य नाही. पावसाळा तोंडावर आला होता, घाट बंद होणार होते. अंबरकोटची चौकी मृगाआधी किल्ला उतरून गेली. जाताना त्यांनी मिठाची आणि धान्याची कोठारे रिकामी केली. त्या वर्षी बारमाळात माणसांनी कंदमुळे खाऊन दिवस काढले, आणि कोंढेखोलात काहींनी तोंडावर सांगितले की पाटलाच्या भित्रेपणाने आम्हांला उपाशी मारले. हैबतरावांनी पुढे सोनावळशी तह केला, ताठ मानेने केला; पण तोवर बरीच म्हातारी माणसे गेली होती.

सटवोजी धीट झाला नाही. रात्रंदिवस त्याला वाटे, आता अंबरकोटचे घोडेस्वार येतील. वाटेवर धूळ उठली की तो कणगीमागे जाऊन बसे. आणि चौकीने आपल्याबरोबर नेलेल्या जानोजीचा काही पत्ता नव्हता.

अंबरकोटच्या कैदेतून सुटून जानोजी आला तो दुसऱ्या वर्षी, सुगीच्या दिवसांत, भर दुपारी. खळ्यावर मळणी चालली होती. बेड्यांनी त्याचा डावा पाय कायमचा वाकडा झाला होता, दाढी वाढली होती; भिवाईनेसुद्धा त्याला आधी ओळखले नाही. तो खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. सटवोजीच्या हातातली काठी गळून पडली.

"आबा," जानोजी म्हणाला, "भंडार ओतला, तेव्हा माझी आठवण झाली नव्हती का?"

सटवोजीला वाटले, होय म्हणावे, विसरलो होतो म्हणावे. लेकाला ते सोसायला सोपे जाईल.

"झाली होती," तो म्हणाला. "दुसरं काही दिसतच नव्हतं."

जानोजीने बापाकडे पाहिले. मग पाय ओढत खळ्यावर आला, खाली पडलेली काठी उचलली, आणि थांबलेल्या बैलांना हाक घातली.