वाचायची प्रत

दुपारचा डबा खाऊन झाला, केतकीनं हात ओढणीला पुसले आणि टेबलावरच्या खोक्याकडं जरा बिचकतच पाहिलं. खोक्यात नवा प्रिंटर होता. बिनवायरीचा. बेळगावच्या कोर्टात जायला निघताना हरिभाऊ वकील दारातूनच सांगून गेले होते, "जोडून ठेव गं तो. चारपर्यंत येतो मी. युवराज येईल त्याच्या आत्तीला घेऊन. हक्कसोडाचा कागद त्यानं बाहेरून लिहून आणलाय, तेवढा छापून दे. साडेचारला रजिस्टर ऑफिसात नंबर लागलाय."

सांगणं सोपं होतं. केतकी बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरवर हात बसलेला. पण कुकरची शिट्टी झाली तरी दर वेळी नव्यानं दचकणारी. घरी भाऊ, साईराज, मुद्दाम मागून येऊन टाळी वाजवायचा आणि ती किंचाळली की पोट धरून हसायचा. अशा मुलीला त्या ऑफिसात एकटीनं दुपार काढायची म्हणजे शिक्षाच.

ऑफिस निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीवरच्या माडीवर. खालून तंबाखूचा उग्र वास जिन्यानं वर यायचा आणि कागदांत मुरायचा. त्याची सवय होते. सवय झाली नव्हती ती कोपऱ्यातल्या टेबलाची. त्यावर रेक्झिनचं आवरण घातलेला टाइपरायटर होता, आणि टेबलामागं एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत गणपतीनंतर कुणी बसलं नव्हतं.

चौतीस वर्षं तिथं लतिकाआक्का बसायच्या. सुपारीएवढा अंबाडा, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि दुपारी कुणी नाही बघून दाताला लावलेली मशेरी. इकडं जमिनीचे कागद कन्नडात होतात आणि सह्या करणारी निम्मी माणसं घरात मराठी बोलणारी. म्हणून आक्कांनी स्वतःपुरता एक नेम केला होता. कागद कुणाचाही असो, त्याची मराठी प्रत त्या टाइप करायच्या, वर लिहायच्या 'वाचायची प्रत', आणि माणसाला समोर बसवून अक्षर न् अक्षर वाचून दाखवायच्या. तोवर अंगठ्याच्या शाईची डबी त्यांच्या मुठीत. पक्षकार कितीही घाईत असो, आक्कांचं एकच, "आधी वाचायची प्रत, मग शाई."

केतकीला त्यांनीच हाताखाली घेतलं, कन्नड कागद कसा वाचायचा ते बोट धरून शिकवलं. पण गणपती उठले आणि चौथ्या दिवशी आक्का झोपेतच गेल्या. मग वकील एकदा म्हणाले, "लोकांना वेळ नसतो गं आता." केतकीला मनातून सुटल्यासारखंच झालं होतं. शाळेत कन्नड शिकली होती, पण कागदाचं कन्नड वाचायचं म्हणजे रताळं सोलल्यासारखं. सावकाश, चिकट काम. तिनं तो नेम सोडला. कुणी विचारलंही नाही.

अडीचला युवराज आला. मागून त्याची आत्या मनुबाई, जिन्याच्या कठड्याला धरत, एकेक पायरी मोजत. संकेश्वरच्या अलीकडच्या गावातली बाई. नवरा गेल्यावर माहेरी परतली, आणि बापानं बांधून दिलेल्या चार खणांच्या घरात एकटी राहिली. आत आल्या आल्या तिनं कोपऱ्याकडं पाहिलं.

"आक्का कुठं गेल्या?"

"आक्का वारल्या, मावशी... गणपतीनंतर."

मनुबाई उभीच राहिली. "आगं बया... मालक गेलं तवाचा कागद त्यांनीच वाचून दावलता मला. मग आता कोण वाचणार?"

"मी हाय की आत्ती," युवराज हसला. "शेताचा कागद हाय, त्यात काय वाचायचं? समद्याच बहिणी सोडत्यात."

"शेत घे रं बाबा, मला काय संगं न्यायचंय?" मनुबाई भिंतीकडच्या बाकावर टेकली. "घर तेवढं माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. बापानं दिलंय त्ये. म्हणून तर म्हटलं, कागद ह्याच हापिसात करायचा."

"व्हय व्हय. तसंच हाय." त्यानं पेनड्राइव्ह केतकीपुढं ठेवला. "लवकर काढा मॅडम, साडेचार चुकला तर पुढं पंधरा दिवस नंबर न्हाय. मी च्या पिऊन आलो."

तो खाली उतरला. केतकीनं कागद कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, पण उघडला नाही. आधी यंत्राशी गाठ होती. तिनं प्रिंटर बाहेर काढला, चिकटपट्ट्या सोलल्या. शाईच्या चार बाटल्या निघाल्या. शाई सांडायची तिला भीती, म्हणून त्या पुन्हा खोक्यात ठेवल्या. आधी जोडणी होऊ दे, मग शाई, असं तिनं ठरवलं. विजेची वायर तेवढी लावली, कोरे कागद भरले. प्रिंटरच्या कपाळावर निळा दिवा लुकलुकायला लागला.

बोटाएवढ्या पडद्यावर वाय-फायचा पासवर्ड एकेक अक्षर शोधत घालायचा होता. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर पडला, तर कॉम्प्युटर म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. तिनं राउटर बंद करून चालू केला. प्रिंटर उचलून राउटरजवळ, म्हणजे आक्कांच्या टेबलाच्या कडेला नेऊन ठेवला. दुसरीकडं जागाच नव्हती. पुन्हा शोध. सापडत नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"हुतंय का गं पोरी?"

"होतंय मावशी..."

तेवढ्यात बाहेर आभाळ दाटून आलं. वखारीच्या पत्र्यांवरचा उजेड पुसला गेला आणि भरदुपारी माडी कातरवेळेसारखी काळवंडली. खालची हमालांची बोलणी एकाएकी थांबली. आणि त्या शांततेत तंबाखूच्या रोजच्या वासातून दुसराच एक वास वर आला. करपट, तव्यावर भाजल्यासारखा. ताज्या मशेरीचा...

केतकीच्या मानेवर काटा आला. खाली कुणीतरी भाजत असेल, तिनं स्वतःला समजावलं. वखारीत कोण चूल पेटवणार, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

निळा दिवा लुकलुकायचा थांबला. स्थिर झाला.

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पाटी उमटली: छपाई सुरू. प्रती दोन.

तिनं काहीच पाठवलं नव्हतं. हात तर मांडीवर होते.

प्रिंटरनं एक कागद आत ओढला. मग जो आवाज सुरू झाला, तो नव्या यंत्राचा नव्हता. ठक... ठक ठक... ठक. एक बोट थांबून अक्षर शोधतंय, मग सरावानं धावतंय. ओळ संपली की बारीक घंटी, टिंग. आणि मागं सरकवल्याचा खर्रकन आवाज. कोपऱ्यातला टाइपरायटर आवरणाखाली गप्प होता. आवरणावरची धूळ जशीच्या तशी होती.

"मावशी..." केतकी बाकाकडं वळली. "तुम्हाला... ऐकू येतंय?"

मनुबाईनं डोळे मिटून घेतले होते. "येतंय की. आक्काचं काम चाललंय." आणि जरा वेळानं, हळूच, "भिऊ नगंस."

कागद बाहेर आला. केतकीला पळून जावंसं वाटलं. पण पळायचं तर त्या टेबलावरूनच जावं लागणार होतं. तिनं दोन बोटांनी कागद उचलला. तो कोमट होता.

वर मधोमध: वाचायची प्रत.

खाली मराठीत सगळा मजकूर. शेताचा गट, बांध, चतुःसीमा. आणि शेवटून तिसऱ्या परिच्छेदात: 'तसेच माझे राहते चार खणांचे घर, त्यापुढील अंगण व विहिरीतील पाण्याचा हिस्सा, यांवरही माझा हक्क राहिलेला नाही.'

तिनं कॉम्प्युटरवर युवराजचा कन्नड कागद उघडला आणि पडद्यावर बोट ठेवून, आक्कांनी शिकवलं होतं तसं, एकेक शब्द सोडवत खाली गेली. शेत. बांध. चतुःसीमा. आणि शेवटून तिसऱ्या परिच्छेदात... घर. अंगण. विहीर.

होतं. सगळं होतं. दुपारभर ते तिच्यापुढं पडलेलं होतं आणि तिनं पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांत तिनंच ते छापून दिलं असतं, तिनंच शाईची डबी उघडली असती, तिनंच त्या म्हातारीचा अंगठा धरून टेकवला असता.

वायर असती तर बोट ठेवून म्हणता आलं असतं, हे इथून निघालं नि तिथं गेलं. इथं वायरच नव्हती. जे आलं, ते हवेतून आलं होतं.

ती मनुबाईच्या शेजारी बाकावर बसली आणि वाचायला लागली. सुरुवातीला आवाज कापत होता, पुढं सरळ झाला. घराच्या ओळीपाशी मनुबाईनं तिचं मनगट धरलं.

"पुन्यांदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"घर न्हाय दिलं मी," मनुबाई अगदी हळू म्हणाली. "घर न्हाय दिलं गं मी त्याला..."

जिन्यावर पावलं वाजली. युवराज आत आला, दोघींची तोंडं पाहिली, केतकीच्या हातातला कागद पाहिला.

"ह्यो कुठला कागद?"

"वाचायची प्रत," केतकी म्हणाली. शाईची डबी तिच्या मुठीत होती. कधी उचलली तिला आठवत नव्हतं. "तुमच्या कागदात घर लिहिलंय."

"आवो, लिवणाऱ्यानं समदं एकदमच लिवलं असंल! उद्या हिच्या माघारी भानगड नगो म्हणून. मी काय आत्तीला रस्त्यावर काढणार हाय? आत्ती, तूच सांग, तुला कधी जेवायला कमी केलं?"

"जेवाण मी माझ्या चुलीवर करून खाते रं," मनुबाई म्हणाली. "म्हणून तर चूल पायजे मला."

युवराजचा आवाज चढला. "मॅडम, तुमाला छापायचा पगार देत्यात का वाचायचा? छापा आन् मोकळं व्हा!"

एरवी त्या आवाजानं केतकी टेबलाखालीच शिरली असती. पण मशेरीचा वास अजून तिच्या खांद्यामागं दरवळत होता, कुणीतरी चष्म्यातून वाकून बघत असल्यासारखा.

"आधी वाचायची प्रत," ती म्हणाली, "मग शाई."

आणि मूठ उघडली नाही.

चारला हरिभाऊ वकील आले. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला आणि युवराजला एवढंच म्हणाले, "घर काढून लिहून आण. तोवर रजिस्टर ऑफिसात माझी ओळखीची सही मिळायची नाही." तो धाडधाड जिना उतरून गेला. मनुबाईनं जाताना केतकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग कोपऱ्यातल्या खुर्चीपुढं जाऊन वाकली, खुर्चीच्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"शाबास," वकील म्हणाले. "एवढ्यात टाइप कधी केलंस?"

"मी नाही केलं, सर. प्रिंटरमधून आलं..."

वकिलांनी कागद उलटा केला, मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. ठोकलेली अक्षरं मागं उमटून आली होती. मग ते प्रिंटरजवळ गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. शाईच्या चारही टाक्या कोरड्या ठणठणीत होत्या. खोक्यात चार बाटल्या सीलबंद. टाइपरायटरवरची धूळ त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसली.

दुसऱ्या दिवसापासून नेम पुन्हा सुरू झाला. केतकी दुपारभर बसून प्रती करते, वाचून दाखवते. रोज सकाळी कुलूप उघडलं की कोपऱ्यातल्या खुर्चीला हात लावते. अजूनही कुकरला दचकते. त्या खुर्चीला दचकत नाही. त्या दिवशी एका बाईचं घर तिच्या हातून जाणार होतं आणि गेलं नाही, हे उपकार कसे फेडायचे तिला कळत नाही. म्हणून वाचते.

फक्त एक गोष्ट. त्या दिवशी पाटीवर 'प्रती दोन' आलं होतं आणि कागद एकच निघाला. दुसरी प्रत अजून यादीत आहे. कॉम्प्युटर चालू केला की विचारतो, एक छपाई बाकी आहे, रद्द करायची? केतकी नेहमी 'नाही'वर बोट ठेवते. मनुबाईचीच असेल, असं तिला वाटायचं.

काल दुपारी साईराज ऑफिसात आला. या खेपेला टाळी वाजवली नाही. तिच्यापुढं एक कन्नड कागद ठेवला, तिचं लग्न ठरल्यापासून तिचे वडील, अण्णा, घरात ज्याची बोलणी काढत होते तो, शेतातल्या हिश्श्याचा.

"सही कर गं इथं. अण्णांनी सांगितलंय. वाचत काय बसतीस, घरचाच कागद हाय."

केतकीनं पेन घेतलंही. मग थांबली.

वीज गेलेली होती. पंखा बंद, राउटर बंद, कॉम्प्युटर काळा. आणि टेबलाच्या कडेला, सुपारीएवढा निळा दिवा हळूहळू लुकलुकायला लागला... आणि स्थिर झाला.

ती घाबरली नाही असं नाही. पण पेन खाली ठेवून आधी तिचे हात जोडले गेले.

ठक... ठक ठक...